रखमाजीची गदा

सोमाटण्याच्या मूर्तींच्या कारखान्यात रखमाजीचा मातीचा पुतळा उभा होता आणि त्याच्या खांद्यावर गदा होती.

“ही काढा,” सुवर्णा म्हणाली. रखमाजी तिचे पणजोबा. शंभरेक वर्षांमागे लोणावळ्यात गोऱ्या शिपायांशी बॉक्सिंग खेळून त्यांनी हलक्या वजनगटाचा किताब जिंकला होता. आता कार्ल्याच्या वेशीवर त्यांचा पुतळा बसणार होता, पण गावाला ते पैलवान म्हणूनच ठाऊक होते.

“पोरी, गदेबिगर पैलवान वळखू कसा यील?” बबनआबा म्हणाले. गावानं पुतळ्याचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं.

“पैलवान नव्हतेच ते, आबा. त्यांच्या बहिणीची ओवी तुम्हीच म्हणता की.

बंधू माझा गं हलका, जसं भाताचं पान,
गोऱ्या सायबाला त्यानं शिकवलं भान.

भाताच्या पानाला गदा पेलंल का?”

मूर्तिकार हसला. “मग हात कसे करू, ताई?”

सुवर्णा लोणावळ्यात पोरींना बॉक्सिंग शिकवते. तिनं चपला काढल्या, हनुवटी खाली घेतली आणि दोन्ही मुठी गालांशी आणल्या.

आबांनी तोंड वाकडं केलं. “ह्ये तर मार चुकवल्यावानी दिसतंय. लोकं म्हणत्याल, भ्यालाय गडी.”

“मार पडतोच, आबा. तो खाऊन उभं राहायचं, हाच तर खेळ. मारून बघा.”

आबांनी खरंच हात उगारला. तिची पापणीसुद्धा लवली नाही. आबांनी हात हळूच खाली घेतला आणि मूर्तिकाराला म्हणाले, “काढ ती गदा. मुठी अशाच पायजेत. आन डोळंबी हेच.”