रिकाम्या खिडकीतला तुकडा

माझी जीभ तिखट, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक. तरी न बोलता घ्यायची चाचणी नेमकी माझ्याच गळ्यात पडली. चित्रांच्या ओळीत एक रिकामी खिडकी, खाली सहा तुकडे; जो बसेल तो मुलाने तिथे ठेवायचा. सगळं खाणाखुणांनी. ही चाचणी मुलांची समज खरोखर मोजते का, ते आम्ही शाळांमधून पडताळून बघत होतो.

या शाळेत मैना भेटली. पोरगी अजिबात बोलत नाही, म्हणून आईने लाडाने ठेवलेलं उलटं नाव. तिला शून्य मिळालं. काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, पुन्हा शून्य.

"मी म्हणतच होते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हिचं नाव इथून काढून मंद मुलांच्या लांबच्या निवासी शाळेत घालू." दाराशी उभी असलेली आई पांढरीफटक पडली.

मी आमच्या दशांशला फोन लावला. ऑफिसात आकडेमोड तोच बघतो, म्हणून हे नाव.

"ताई, तीस पानांत अंदाजपंचे ठोकलं तरी चार-पाच बरोबर येतात," तो म्हणाला. "एकही बरोबर येऊ द्यायचं नसेल, तर सगळी उत्तरं माहीत लागतात."

मी फोन ठेवला. मैनेला पुन्हा समोर बसवलं. तिने चुकीचा तुकडा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. नियम असा की चेहरा कोरा ठेवून पान उलटायचं. हात पानाकडे गेला आणि तिथेच थबकला. सरावाच्या पानावर मी काय करून दाखवते? आधी चुकीचा तुकडा ठेवते, नाही म्हणून मान हलवते, मग बरोबर ठेवते. पोरीने खेळ तस्साच उचलला होता. ती बिचारी माझ्या मानेची वाट बघायची आणि मी ठोंबी दर वेळी पान उलटायचे.

मी मान हलवली. मैना खुदकन हसली आणि बरोबर तुकडा ठेवला. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. शेवटचं पान आजवर एकाही मुलाला सुटलं नव्हतं. उत्तर मलाही तक्त्यात बघावं लागतं. तिने तेही सोडवलं. एवढीशी पोर, आणि मला तिच्यासमोर नुसतं बसून राहावंसं वाटलं.

मुख्याध्यापिका आत आल्या. "मग, काढायचं ना नाव?"

मी नाही म्हणून मान हलवली.

ते बघून मैनेने लगेच तुकड्यांकडे हात नेला, आणि रिकामी खिडकी कुठे दिसते का ते टेबलभर शोधू लागली.