दगडी बाकावरची गादी

मी एक जुनी लोकरीची गादी आहे. मित्रांनो, गादी म्हटल्यावर लगेच पलंग डोळ्यांपुढे आणू नका. मी जेमतेम एका माणसाच्या बैठकीएवढी. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात दारापुढे दगडी बाक असतो, तीच माझी जागा. माझी मालकीण रादोयका, तिच्या आईने घरच्या मेंढ्यांची लोकर धुऊन, पिंजून मला भरले आणि लेकीच्या लग्नात दिले. कशासाठी? तर थंड दगडावर बसले की बाईच्या किडन्या गारठतात आणि पोटातल्या बाळाच्याही. आमच्याकडे हे कुणाला शिकवावे लागत नाही.

सुरुवातीला मलाही ते खरेच वाटले. रादोयकाची मुले धडधाकट निघाली आणि श्रेय मला मिळाले. शेजारची मिलुंका मला उसनी नेऊ लागली. कौतुक कुणाला नको असते? पण मी लोकर आहे हो. बूड गरम ठेवणे, एवढेच मला येते. हे मी ओरडून तरी कुणाला सांगू?

मग रादोयकाची सून यागोदा गरोदर राहिली आणि माझ्या संतापाला सुरुवात झाली. एक खिडकी उघडली की रादोयका धावत जाऊन समोरची बंद करी, पोरीला आरपार वारा लागू नये म्हणून. "ऊठ पोरी, आधी गादी घे," हे दिवसभर चाले. यागोदाचे पाय सुजले, तरी तिचे ब्लडप्रेशर मोजावे असे कुणाला सुचले नाही. खारवलेल्या मिरच्यांची बरणी मात्र तिच्यापुढून हलत नसे. तिची पाठ दुखू लागली तेव्हा सगळ्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या आणि मिलुंकाने स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या आणल्या.

"घे गं, साध्या आहेत. मी तर रोज खाते."

यागोदाही रोज खाऊ लागली. मी तिच्याखाली नुसती चरफडत होते.

सातव्या महिन्यात पोट म्हणावे तसे वाढेना, तेव्हा कुठे सोनोग्राफीसाठी शहर गाठले. रादोयकाने मलाही काखोटीला मारले, कारण दवाखान्यातल्या खुर्च्या लोखंडी!

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालंय. ते पाणी म्हणजे बहुतेक बाळाची लघवीच असते. काय औषधं घेता?"

"औषध कसलं?" रादोयका फणकारली. "एकदाही दगडावर बसू दिलं नाही मी हिला. ही बघा गादी."

"गादी राहू द्या हो, आजी. गोळ्या कुठल्या घेते ती?"

यागोदाने पर्समधून पाकीट काढले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "या गोळ्यांनी बाळाच्या किडन्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यात तुझं ब्लडप्रेशर चढलेलं. किडनीतल्या बारीक गाळण्या पोटात असतानाच घडतात, पोरी. नंतर नव्या मिळत नाहीत."

"मग माझं बाळ?" यागोदाने विचारले. तिचा हात माझी किनार घट्ट धरून होता.

"गोळ्या आजच बंद. प्रेशरचं औषध सुरू. मग बघू पाणी वाढतंय का."

त्या दिवसापासून घरात खिडक्यांबद्दल कुणी बोलले नाही. पुढच्या तपासणीत पाणी थोडे वाढलेले निघाले. मुलगी झाली, दुन्या. तिच्या लघवीवर नीट लक्ष ठेवायला सांगून डॉक्टरीणबाईंनी तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोट बराच वेळ कोरडाच राहिला. रादोयका लंगोट सोडून तिला माझ्यावर निजवून शेजारी बाकावर बसली. मग एकाएकी मी उबदार ओली झाले, पार खालच्या शिवणीपर्यंत. रादोयका रडू लागली.

तेवढ्यात मिलुंका कुंपणाशी आली. "गादीचा गुण हो, दुसरं काय. मला दे ना, माझ्या सुनेलाही दिवस गेलेत."

"ने," डोळे पुसत रादोयका म्हणाली. "पण आधी तिला दवाखान्यात ने. आणि तुझ्या गोळ्या तूच खा."

मित्रांनो, आई होणाऱ्या बाईला माझ्यासारखी गादी जरूर द्या. पण तिचे ब्लडप्रेशर तपासून घ्या, साखर बघा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय शेजारणीची गोळी तिच्या हातावर ठेवू नका. मला आता कितीही धुतले तरी माझ्या अंगाला दुन्याच्या लघवीचा वास येतो. इतकी वर्षे नुसते खोटे कौतुक झाले. हा वास मात्र खरा आहे, तो जाऊ नये असे मला वाटते.