सुनेचा बटवा

आई गेल्याचा निरोप आला तशी ओकबुन डोंगरापलीकडे माहेरी धावली. रीतीप्रमाणे तीन दिवस आईच्या देहापाशी बसली, माती देऊन चौथ्या दिवशी सासरी परतली. घरामागे, किमचीच्या, म्हणजे मीठ-मिरचीत मुरवलेल्या कोबीच्या रांजणांशेजारच्या सावलीत, नुसता उकरलेला खड्डा होता.

तिथे तिचं फुलझाड होतं. वाकलेल्या देठावर ओळीने लटकणारी गुलाबी हृदयं, प्रत्येकाच्या टोकाशी पांढरा थेंब. गावात त्याला 'सुनेचा बटवा' म्हणत. लग्नात आईने ओल्या शेवाळात गुंडाळून त्याची मुळी तिच्या हाती दिली होती. चौदा वर्षांत त्याचा ताटवा झाला होता.

शेजारच्या घरात थोरली जाऊ चोम्ने राहायची. तिच्या अंगणात, भर उन्हात, तोच ताटवा उभा होता, आणि दोन बायका त्याचं कौतुक करत होत्या.

"जाऊबाई, हे माझं आहे."

"माझं-तुझं काय गं? एकाच घरातल्या ना आपण? तिकडे मागे कोण बघतंय! आणि सुतकात कसली आलीत फुलं?" चोम्ने हसली. बायकाही हसल्या.

"वहिनीशी कशाला वाकडं घेतेस? फुलंच तर आहेत," नवरा म्हणाला. पण ते हसू ओकबुनच्या मनातून गेलं नाही.

उन्हं तापली तशी चोम्ने तिच्या दारात आली. "अगं, रोज दोन घागरी पाणी घालते, तरी पानं पिवळी पडून झडायला लागली. काय झालं असेल?"

ओकबुनला ठाऊक होतं. उन्हाळ्यात ते दरवर्षी असंच झोपतं. वर काही उरत नाही, मुळं मात्र जिवंत असतात. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"मेलं ते," ती म्हणाली. "कीड लागलीय. मुळासकट उपटून फेका, नाहीतर तुमच्या मिरच्याही जातील."

चोम्नेने त्याच दिवशी सगळं ओढ्याकाठी फेकलं. ओकबुन धुण्याची टोपली घेऊन गेली आणि एकेक मुळी वेचून आणली. बरीच मुळं जास्तीच्या पाण्याने सडली होती. उरलेली तिने प्रत्येक तुकड्यावर कोंबाचा एक डोळा राखून तोडली आणि रांजणांमागे कुजक्या पाल्यात लावली.

तिसऱ्या वर्षी, पानगळीच्या दिवसांत, तिने गावातल्या बारा घरी मुळ्या वाटल्या. तेरावं घर चोम्नेचं. ते तिने वगळलं.

वसंत आला. बारा घरांच्या सावलीत गुलाबी ओळी लटकल्या. ओढ्यावर बायका रानभाजी धूत होत्या, तिथे चोम्ने आली.

"सगळ्यांना दिलंस. मलाच नाही?"

"तुम्हाला मी कधी दिलं होतं, जाऊबाई? तुम्ही घेतलं होतं."

"पण ते तर मेलं होतं! तूच म्हणालीस."

"खोटं बोलले. ते झोपलं होतं. जिवंत झाड तुम्ही स्वतःच्या हाताने फेकलंत."

एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी. टोपली तिथेच टाकून चोम्ने घराकडे चालू लागली. ओकबुनने तिला हाक मारली नाही. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या वर्षीही दोघींनी रिवाजाप्रमाणे एकाच परातीभोवती बसून किमची घातली. चोम्नेने मिठासाठी हात पुढे केला. ओकबुनने मिठाचं भांडं दिलं, आणि पुढचा कोबी चिरायला घेतला.