घराचा आवाज

ताईंच्या मुलाखतींचा एक नेम होता. पाहुण्याला रेडिओ केंद्रात बोलवायचं नाही. आपणच त्याच्या घरी जायचं, आणि घरात जे वाजत असेल ते वाजू द्यायचं. मागे कडी वाजली, कोणी खोकलं, तरी ताई ते कापत नसत. त्याशिवाय माणूस खरा वाटत नाही, असं त्या म्हणत, आणि गावालाही ते आवडायचं.

तलावाच्या भिंतीबद्दल बोलायला मात्र कोणी राजी होईना. शेवटी ताईंच्या मावशीचे यजमान, काका, तयार झाले. त्यांची उभी हयात त्या भिंतीवर पहारा करण्यात गेलेली. अट एकच, नाव कळता कामा नये. मागच्या दुरुस्तीत कंत्राटदाराने भिंतीची चीर वाळूची पोती कोंबून, वरून गिलावा मारून झाकली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. याआधी ज्याने याबद्दल तोंड उघडलं, तो मुकादम पुन्हा कोणाला दिसला नव्हता.

ताईंनी काकांचा आवाज यंत्रावर इतका जाड केला की मावशीलाही हसू आवरेना. म्हणाली, "हा रेडा कुठून धरून आणलास गं?"

मुलाखत सकाळी लागली. ती संपते न संपते तोच केंद्रातला फोन वाजला. एक बाई कौतुक करत होत्या, तुमचे काका फार धीराचं बोलले म्हणून. ओळखलं कसं, असं ताईंनी विचारलं तर बाई हसल्या.

"अहो, मागे मावशींचं शिलाई मशीन नाही का चालत? दर फेऱ्याला अडखळतं ते. सगळ्या गावाची मापं त्याच खोलीत घेतलीत की."

तो आवाज लहानपणापासून ताईंच्या कानात इतका मुरलेला, की मुलाखत पुन्हा पुन्हा ऐकतानाही त्यांना तो ऐकूच आला नव्हता. त्यांनी काकांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. एक लांबलचक गाणं लावून त्या पायांत चपला सरकवतायत, तेवढ्यात दारात कंत्राटदार उभा.

एकटाच होता. चपला बाहेर काढून अदबीने आत आला आणि दुसऱ्या माईकसमोरच्या खुर्चीत बसला. मुलाखत छान झाली, म्हणाला. आवाज अगदी मऊ.

"काकांना आणायला गाडी पाठवलीय. मावशीही आहेत सोबत. तलावावर एक चक्कर मारून आणू म्हटलं दोघांना. तेवढीच हवापालट."

गाणं संपत आलं होतं. ताईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि माईक चालू केला. लाल दिवा लागला. सकाळी बोलले ते माझेच काका, असं त्यांनी गावाला सांगून टाकलं. आता ते आणि मावशी कंत्राटदारांच्या गाडीतून केंद्रात यायला निघालेत, वाटेत ज्यांची घरं असतील त्यांनी बाहेर येऊन दोघांना भेटावं.

"गाडी तलावाकडे वळताना दिसली तर मात्र आडवे व्हा," त्या म्हणाल्या. "आडवे व्हा आणि मला कळवा."

कंत्राटदाराच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. त्याने मोबाइल कानाला लावला आणि एवढंच म्हणाला, "इकडे आण."

खिडकीतून रस्ता दिसत होता. न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला होता, आणि तोंडाला फेस घेऊन त्याचं गिऱ्हाईकही त्याच्या मागे. बायका उंबऱ्याबाहेर उभ्या. त्या सगळ्यांमधून गाडी मुंगीच्या पावलाने आली आणि थांबली. आधी काका उतरले, मग मावशी. मापाची फीत तशीच तिच्या गळ्यात लोंबत होती. लोकांनी दोघांभोवती कडं केलं.

ताईंच्या जिवात जीव आला. पण कंत्राटदार उठला नाही. त्याने खुर्ची जरा पुढे ओढली, लाल दिव्याकडे नीट पाहिलं, आणि माईकपासून तोंड बाजूला नेत हळूच विचारलं,

"रात्री किती वाजता बंद करता हो हे?"