कृतिकाच्या हळदीचा फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय! हो, तोच, नाक्यानाक्यावर टांगलेला, तुमच्या खिडकीतला वारा अडवणारा, ज्याला बघून तुम्ही तोंड वाकडं करता. करा खुशाल! माझ्यासारखं नशीब अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या फ्लेक्सला लाभलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. छातीच मुळी दहा बाय आठची आहे माझी.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका छपाईच्या गाळ्यात झाला. एका दुपारी तिथं धाकूशेठ भोईर आले. दिवा स्टेशनजवळच्या गावातले हे जुने शेतकरी. आता त्यांच्या शेतात इमारती उभ्या आहेत. गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी, आवाज भारदस्त आणि डोळे मात्र रडून लाल झालेले.

का? तर आठच्या मालिकेतल्या कृतिकाची सोमवारी हळद होती! धाकूशेठना मूलबाळ नाही. गेल्या चार वर्षांत त्यांनी तिचा एकही भाग चुकवला नव्हता. ती उपाशी झोपली की यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिच्या सावत्र आईला तर ते अशा शिव्या द्यायचे की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

"पोरीचा मोठा फोटो लाव," म्हणत त्यांनी मोबाइल पुढं केला. फोटो चालू टीव्हीसमोर उभं राहून काढलेला. त्यात उजव्या कोपऱ्यात बनियनमधले धाकूशेठ स्वतःही पुसटसे उमटले होते. "आन लिव, कृतिकाला सोमवारच्या हलदीच्या शुभेच्छा."

कॉम्प्युटरवर बसलेला मितेश मालिका बघत नव्हता. त्याला वाटलं, शेठचीच लेक. हळदीचे फ्लेक्स तो आठवड्याला दहा छापायचा, त्यामुळे साचा तयारच होता. त्यात त्यानं फोटो आणि नाव बसवलं, खाली 'सर्वांना आग्रहाचं निमंत्रण, सोमवार, संध्याकाळी सहा, निमंत्रक धाकूशेठ भोईर' असंही टाकून दिलं.

"वाचून घ्या एकदा, शेठ."

शेठनी कृतिकाचा चेहरा तेवढा बघितला. "झकास!" म्हणाले आणि मला गुंडाळून रिक्षात घातलं.

रविवारी मी धाकूशेठच्या फाटकावर चढलो. आता या आगरी गावांची रीत तुम्हांला सांगायला हवी. इथं पत्रिका हातात नाही पडली तरी चालते. दारावर फ्लेक्स लागला म्हणजे आमंत्रण पोचलं. आणि लग्न एक वेळ चुकेल, पण हळद? नाव काढू नका!

सोमवारी सहाच्या ठोक्याला गर्दी सुरू झाली. पिवळ्या साड्या, गजरे, आहेराच्या पिशव्या! जो तो माझ्याकडं बघून अंगणात शिरत होता. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! मी वाऱ्याशिवायच फडफडत होतो. हळदीच्या मटणाचा वास कसा येत नाही, याची काही मंडळींनी कुजबुज सुरू केली, तेवढंच.

तेवढ्यात शेजारच्या गावाहून धाकूशेठची थोरली बहीण गंगुबाई आल्या. त्या चांगल्याच रुसल्या होत्या, पण बँजोवाले सोबत घेऊनच आल्या होत्या. "धाकू! पोरगी दत्तक घेतलीस, आन सख्ख्या बहिनीला ता फ्लेक्सवर कलायचा कं रं?"

बहिणीच्या हाकेनं झोपमोड झालेले धाकूशेठ बनियनवरच बाहेर आले. दीडदोनशे माणसं बघून त्यांनी पहिल्यांदा मला वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाय," ते पुटपुटले, "ती टीवीतली हाय."

मग असा हशा उसळला की माझ्या दोऱ्या हलल्या. "शेठ, टीवीलाच मुंडावल्या बांदा!" कुणीतरी ओरडलं. धाकूशेठनी मान खाली घातली. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःवरच्या त्या निमंत्रणाच्या ओळीची लाज वाटली.

तेव्हा घरातून आवडाबाई आल्या, धाकूशेठची बायको. चार वर्षं 'बंद करा तो टीवी' म्हणून ओरडणारी ही बाई हातात ओल्या हळदीची वाटी घेऊन आली होती.

"हसताव कं सगली?" त्या म्हणाल्या. "माज्या घरान लेक नाय. ही रोज आठला येते. हिची हलद नाय करायची, त मंग कुनाची करायची?"

त्या खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी माझ्या, म्हणजे कृतिकाच्या, दोन्ही गालांना हळद लावली.

"सरक गो," गंगुबाईंनी वाटी ओढली. "आत्या मी हाय!"

मग काय विचारता! बँजो कडाडला, बायका नाचल्या, गावभरच्या चुलींवर टोपं चढली, आणि दिसेल तो हात माझ्यावर हळद फासू लागला. मघाशी ओरडलेला माणूस तर हनुवटीला लावायला दोनदा आला. मी कपाळापासून निमंत्रकापर्यंत पिवळाधमक झालो!

आठ वाजता टीव्ही ओटीवर मांडला. कृतिका पाटावर बसली. हळदीचा हात तिच्या गालाजवळ आला आणि पडद्यावर कुणीतरी किंचाळलं, नवरा पळाला! दोनशे माणसं एकदम "आरं देवा!" म्हणाली.

धाकूशेठ उठले. त्यांनी टीव्ही बंद केला.

"आपल्याकरं हलद लागली," ते शांतपणे म्हणाले. "आता काय लगीन मोरत नाय. चला, जेवाला बसा."

त्या दिवसापासून त्यांनी ती मालिका बघितलेली नाही. माझे भाऊबंद टेम्पोवर नाहीतर झोपडीच्या छपरावर गेले. मी मात्र आतल्या खोलीत भिंतीवर आहे, भिंत लहान म्हणून कडेनं दुमडलेला. रोज आठ वाजता धाकूशेठ माझ्यासमोर उभे राहतात. "सुखान हायेस ना, बाय?" विचारतात आणि समाधानानं जेवायला जातात.

पुढच्या भागांत कृतिकाचं काय झालं, ते तुम्ही बघितलं असेल. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून मीही सगळं ऐकलंय. पण कधी या बाजूला आलात, तर हात जोडून विनंती आहे: धाकूशेठना सांगू नका.