एकोणीसशे छप्पन्नवरची पट्टी

बाबांच्या गाडीचा नंबर एकोणीसशे छप्पन्न. त्याआधीची अक्षरं मी इथेही सांगणार नाही, कारण त्यावरूनच आमच्या घरात आठ दिवस अबोला झाला. हे चार आकडे मात्र सांगावेच लागतात, त्यांच्याशिवाय गोष्टच होत नाही.

छप्पन्न साली आमचे आजोबा लोणी काळभोरच्या चार जणांबरोबर नागपूरला गेले आणि धम्मदीक्षा घेऊन परतले. जाताना पायात चप्पल नव्हती, हे बाबा अजून सांगतात. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या भीमराव ओव्हाळांनी बासष्टाव्या वर्षी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, तेव्हा तिचा रंग त्यांनी आईवर सोडला, पण नंबर नाही. पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत तीन खेपा घातल्या आणि मिळाल्यावर आईला फोन केला, "शालन, मिळाला गं!" आईला क्षणभर वाटलं, हरवलेला चष्मा मिळाला.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यानं नारळ पुढे केला. बाबांनी तो आदरानं बाजूला ठेवून त्रिसरण म्हटलं, सगळ्यांना पेढे दिले आणि गाडीपुढे उभे राहिले. फोटो काढणाऱ्याला बजावलं, "नंबर नीट आला पाहिजे. मी नाही आलो तरी चालेल."

तो फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी फेसबुकवर टाकला. मी खराडीत एका कंपनीत काम करते. लोकांची माहिती चोरीला जाऊ नये हे बघायचं, म्हणजे थोडक्यात दिवसभर पगार घेऊन संशय घ्यायचा. त्याच महिन्यात माझ्या ऑफिसातल्या मैत्री नावाच्या मुलीनं असाच नव्या गाडीचा फोटो टाकला होता. कुणीतरी तिचा नंबर उचलून आपल्या गाडीवर लावला आणि मैत्रीची गाडी पुण्यात पार्किंगमध्ये उभी असताना तिला नांदेडहून सिग्नल तोडल्याची चलनं यायला लागली. ती बिचारी अजून पोलीस चौकीचे उंबरे झिजवतेय. त्यामुळे बाबांचा फोटो बघितला आणि माझं डोकंच फिरलं. मीटिंगमधून बाहेर येऊन फोन केला.

"बाबा, तो फोटो आधी काढा."

"का गं? मी नीट नाही आलो?"

"नंबर असा उघडा टाकत नाहीत. झाकायचा असतो."

मैत्रीचं काही मी सांगितलं नाही. वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर बाबांना कारणं द्यायची असतात, हे मला सुचलंच नाही. शिकलेल्या लेकीचा माज, दुसरं काय. मी नंबरावर पांढरी पट्टी मारून फोटो त्यांना पाठवला. "हा टाका."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांच्या 'बरं'ला मी घाबरते. रागावले की बाबा भांडतात. दुखावले की 'बरं' म्हणतात.

दोन दिवसांनी घरी आले तर पार्किंगमध्ये गाडीवर करड्या रंगाचं कव्हर, चाकांपर्यंत खाली ओढलेलं. बाबा मंडईतून बसनं आले होते, हातात दोन जड पिशव्या.

"गाडी असताना बसनं?"

"राहू दे. झाकायचंच तर नीट झाकू."

आठवडाभर हे असंच चाललं. मी खुशाल समजले की फोटो काढावा लागला, फेसबुकवरचे लाइक गेले म्हणून स्वारी रुसली आहे. तसं आईला बोललेही. "दोनशे लाइकसाठी एवढा फुगा?"

आई मेथी निवडत होती. तिनं जुडी खाली ठेवली.

"कल्याणी, तुझ्या बाबांना नोकरी लागली तेव्हा ते नारायण पेठेत खोली शोधत होते, माहितीये?"

"नाही."

"तीन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर म्हणाले, खोली कालच गेली. चौथ्या ठिकाणी यांनी भलतंच नाव सांगितलं. श्रीधर की काहीतरी."

"बाबांनी?"

"बावीस वर्षांचं पोर होतं गं ते. झोपणार कुठे होतं? एकदा तुझे आजोबा आले, पिशवीभर वांगी घेऊन. खाली रस्त्यावर उभं राहून हाक मारली, 'भीमा, ए भीमा! हाईस का रं वर?' आणि हे खिडकीच्या आत. गॅलरीत मालक बसलेला. यांनी ओ दिली नाही. तीन हाका मारल्या म्हाताऱ्यानं. मग वांगी पायरीवर ठेवून निघून गेला."

"आजोबांना कळलं?"

"कळलं असणारच. बोलले मात्र कधी नाहीत. महिन्याभरात यांनी ती खोली सोडली. मला लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं, आणि तेही रडत." आईनं मेथी परत हातात घेतली. "आणि तू त्या आकड्यावर पट्टी मारलीस."

मला माझीच लाज वाटली. बाबांना मी रोज ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून सांगते आणि त्यांचं एवढं मोठं दुखणं मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी कव्हर ओढून काढलं आणि बाबांना म्हटलं, "चला. नारायण पेठेतली तुमची खोली मला दाखवा."

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं.

"जागा मिळायची नाही तिथे गाडी लावायला," एवढंच बाबा म्हणाले आणि बसले.

गाडी मी चालवली. नशिबानं एक जागा दिसली, मी लगेच घुसवली. बाबांनी एका बंद दुकानाच्या पायरीवरून समोरच्या इमारतीची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. तिला आता ग्रिल होती आणि आत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. आम्ही पायरीवरच बसलो. मैत्रीची सगळी हकिकत मी तेव्हा सांगितली, नांदेडच्या चलनांसकट.

"हे आधी सांगायचंस ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारायचंत ना."

ते खिडकीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, खराडीतल्या तुझ्या लोकांना कळायला नको म्हणून झाकलास."

"बाबा! चौदा एप्रिलला अख्ख्या फ्लोअरला पेढे मी वाटते."

"मला काय माहीत? मीही एकदा..." मी त्यांचा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं. "नेटवर राहू दे तुझी पट्टी. चोराला आयतं कशाला द्यायचं?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिकवाल्यांची गाडी उचलणारी व्हॅन आली. तिच्या भोंग्यातून खरखरीत आवाज घुमला. एमएच बारा, मग ती अक्षरं, मग एक-नऊ-पाच-सहा. पांढरी गाडी, मालक असतील तिथून या. तेव्हा कुठे माझं पाटीकडे लक्ष गेलं. सम तारखेला विषम तारखेच्या बाजूला गाडी लावली होती मी. आयटीतली हुशारी!

मी धावायला उठले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब."

"बाबा, उचलतील!"

"म्हणू दे अजून एकदा."

भोंगा पुन्हा ओरडला. एक-नऊ-पाच-सहा. गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली, वरची टॉवेलवाली खिडकीसुद्धा उघडली. शेजारच्या ओट्यावरचे एक आजोबा पेपर खाली करून आम्हाला म्हणाले, "अहो, आकाशवाणी ऐकत बसलात का? आपली असेल तर हलवा की."

बाबांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, पण जागचे हलले नाहीत. भोंगा तिसऱ्यांदा ओरडला, आणि बाबा उठले. त्यांनी हात वर केला.

"ओ! माझी आहे! भीमराव ओव्हाळ! आलो!"

एवढ्या मोठ्यानं ओरडायची काही गरज नव्हती. गाडी वीस पावलांवर होती.