माझ्या पायाखालचा पुठ्ठा

मी क्लस्टर बोलतोय, कुबरनेटीस नावाच्या सॉफ्टवेअरचं. खरी क्लस्टरं कितीतरी यंत्रांवर पसरलेली असतात. मी त्यांचं घरगुती भावंड, एका लॅपटॉपच्या पोटात मावणारं. माझ्या आत छोटे छोटे डबे आहेत आणि प्रत्येकात एकेक काम चालतं. एखादा पडला की त्याला उठवायचं, हा माझा धर्म. त्यामुळे स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. सारखा जीव टांगणीला, सगळे उभे आहेत ना?

जिने मला उभारलं, ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, घरूनच. तिच्या ऑफिसची रीत अशी, की माझी सगळी मांडणी फायलींत लिहून ठेवायची, सकाळी त्यांवरून मला उभारायचं, काम तपासायचं आणि संध्याकाळी मोडायचं. म्हणून आमच्यात कुणी म्हातारं होत नाही. मी मात्र झालो.

झालं असं, की माझा एक डबा सारखा कोसळू लागला. त्याला मेमरी पुरेना. मी उठवायचो, तो पडायचा. ती वैतागली. चालत्या माझ्यातच हात घालून तिने त्याचा वाटा वाढवला. डबा उभा राहिला, पण फायलीत आकडा जुनाच. नंतर लिहू, असं ती पुटपुटली. मग इथे थोडं, तिथे थोडं, असंच चालू राहिलं. मला मोडलं की हे सगळं पुसलं जाणार, म्हणून तेव्हापासून मला मोडायला तिचा हात धजेना.

लॅपटॉपचा पंखा दिवसभर घरघरतो. चहा ठेवताना तिचे वडील एकदा म्हणाले, "याला दमा आहे का गं?"

"बाबा, त्याच्या पोटात अख्खं ऑफिस बसवलंय."

"मग भाडं घे की त्यांच्याकडून."

उद्या ऑफिसात एक नवी मुलगी रुजू होतेय. तिच्या लॅपटॉपवर हे सगळं फायलींवरून उभं राहायला हवं. एका आज्ञेत उभं राहतं, असं हिने साहेबांना छातीठोकपणे सांगून ठेवलंय. आज दुपारपासून ती मला मोडायची आज्ञा लिहीत होती आणि खोडत होती. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या जागी येणाऱ्याचा तो डबा पडणार, हे मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून वडिलांनी विचारलं, "माझ्या खाटेखालचा पुठ्ठा कुणी काढला?"

केर काढताना हिनेच तो फेकला होता. खाट डुगडुगत होती.

"पुठ्ठा लावलाय हे सांगायचं नाही का, बाबा?"

"तात्पुरता लावला होता गं. मग राहूनच गेला."

ती दारातच थबकली. मग परत येऊन बसली. फायली आणि मला समोरासमोर ठेवून हाताने केलेला एकेक बदल शोधू लागली, फायलीत लिहू लागली. वडील खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"आता मोडणार हे?"

"मोडणार. आणि परत उभारणार."

"आणि नाही उभं राहिलं तर?"

"तर आजच कळलेलं बरं. उद्या त्या पोरीला रडू येण्यापेक्षा."

आज्ञा लिहून झाली. या खेपेला तिने ती खोडली नाही.

माझे डबे एकेक करून विझताहेत, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणालाही उठवायचं नाहीये. मला जपलं नाहीत तरी चालेल, बाबांनो. माझ्यानंतर येईल त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारलात, तर तेवढं लिहून ठेवा.

एक डबा अजून उभा आहे. तोच, सारखा पडणारा. झोप रे बाळा, झोप आता.